एकतीस हाका

बाळारामची बायको म्हणून मंजुळावहिनीला मी तिच्या लग्नापासून ओळखत होतो. पण खरी ओळख झाली ती आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर, त्या वेळच्या डॉक्टरांशी ती भांडत असताना. तिच्या एका डुकराची कंबर मोडली होती. हायवेवर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोखाली ते सापडलं होतं. तिचं म्हणणं असं की डॉक्टरांनी यावं आणि सुई देऊन त्याला मोकळं करावं. डॉक्टरांना हसू आवरेना. खाटकाला देऊन टाक, औषध फुकट कशाला घालवतेस, असं ते म्हणाले. खाटीक शुक्रवारी यायचा, आणि तो दिवस मंगळवार होता.

"मंग तीन दिस त्यानं काय करायचं?" तिने विचारलं.

डॉक्टर पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी. दुपारी आम्ही गेलो आणि सुई दिली. मी लीलाधर, त्या दवाखान्यातला परिचर. म्हणजे जनावराचे पाय धरणारा, भांडी उकळणारा, आणि डॉक्टर जागेवर नसले की डॉक्टर. तीस वर्षं नोकरी केली, हजारो जनावरं पाहिली, पण जनावराने तीन दिवस काय करायचं, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

काशीगावात बाळारामच्या घराची भातशेती होती आणि खाडीकडच्या मिठागरात पिढीजात काम. शेती हायवेत आणि टॉवरात गेली, मिठागरं बंद पडत गेली, आणि नाल्याकाठचा एक तुकडा तेवढा उरला. बाळारामने उत्तनच्या एका दोस्ताकडून दोन पिल्लं आणली आणि त्या तुकड्यावर गोठा घातला. गावात केवढा गहजब झाला. आगऱ्याच्या घरात डुकरं? भावकीने लग्नाची आमंत्रणं बंद केली. बाळाराम म्हणायचा, हसतील त्यांचे दात दिसतील. हायवेवरच्या हॉटेलांचं खरकटं फुकट मिळायचं आणि डुकरं वाढत गेली. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, बाई आता हे विकून मुलाकडे जाईल. मुलगा धर्मेश बेव्हर्ली पार्कात राहतो, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्याकडे जाताना वहिनीला दोनदा अंघोळ करून जावं लागायचं आणि तरी सून खिडकी उघडायची. वहिनी दर रविवारी नातीला भेटून सहाच्या आत परत यायची. गोठा काही तिने विकला नाही.

तिच्या कामाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाकीचे लोक काय करतात, तर खरकट्याचा पिंप एकदम ओततात आणि डुकरं एकमेकांच्या अंगावर पडून खातात. दांडगी फुगतात, दुबळी मागे राहतात. वहिनीने तसं कधी केलं नाही. आधी ती सगळं खरकटं मोठ्या पिंपात तासभर उकळायची. मग गोठ्याच्या टोकाला एक छोटा आडोसा होता, त्याला ती पंगत म्हणायची, तिथे एकेकाला नावाने हाक मारून जेवायला घालायची. पंगतीला दोन दारं. या दाराने आत यायचं, जेवून त्या दाराने मागच्या अंगणात जायचं. पुढचा आत गेला की परत दिसत नाही, आणि त्याची कुणाला फिकीर नाही, कारण आपलीही पाळी येणार हे ठाऊक असतं. दांडगाई नाही, चावाचावी नाही. माणसांच्या लग्नांतही एवढी शिस्त मी पाहिलेली नाही.

नावं मात्र ऐकण्यासारखी. पुढे पुढे करणारी होती ती पुढारीण. कान लोंबणारा तो वकील. एक कायम कुरकुरणारी, तिचं नाव आत्याबाई, आणि ते कोणत्या आत्यावरून ठेवलंय हे सगळ्या गावाला माहीत होतं. "ये गं बायो, ये पुढारनी" म्हटलं की ती मोठी डुकरीण कान हलवत दारात उभी राहायची. मी चेष्टेने एकदा तिच्याच आवाजात हाक मारून पाहिली. एकानेही मान वर केली नाही.

मरणाचीही तिची रीत होती. आजारी पडलं की त्याच दिवशी वेगळ्या कोठडीत, खाली कोरडा पेंढा, पाणी तोंडाजवळ. बरं होणार नसेल तर तिष्ठत ठेवायचं नाही, आमच्याकडे निरोप यायचा. सुई देताना ती डोकं मांडीवर घ्यायची आणि छातीवर तळवा ठेवून श्वास थांबेपर्यंत बसायची. डॉक्टर घड्याळ बघायचे, ती नाही. आसपासचे लोक मेलेलं डुक्कर नाल्यात लोटून मोकळे व्हायचे. ही मात्र माणूस लावून खड्डा खणायची आणि मिठात पुरायची. चार गोण्या खडेमीठ, खाली दोन, वर दोन. तिची सासू कृष्णाबाई शेतातल्या बैलांना तसंच पुरायची. मिठावर जगलेलं घर, ज्याने घरासाठी राबावं त्याला मिठात ठेवावं, एवढा साधा मान होता तो. मिठाने सगळं शुद्ध होतं अशी मिठागरातल्या माणसाची पक्की समजूत. माझीही होती, कारण माझाही बाप आगरात राबलेला.

गेल्या डिसेंबरात तिच्या एका डुकरिणीने खाणं टाकलं. पंगतीला हाक मारली तर उठेना. वहिनीने लगेच तिला वेगळं काढलं आणि मला फोन केला. रविवार होता. आमच्या आताच्या डॉक्टर कृतिका मॅडम लसीकरणाच्या शिबिराला गेल्या होत्या. तरुण मुलगी, पण कामाला वाघीण. मी एकटाच गेलो. अंग तव्यासारखं तापलं होतं, कान जांभळट लाल झाले होते, पोटावर तसलेच डाग. मी काय म्हणालो? न्यूमोनिया असेल. थंडी पडलीय. एक इंजेक्शन दिलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी ती मेली.

नियम असा होता की अचानक मेलेल्या डुकराची डॉक्टरांना खबर द्यायची आणि नमुना घ्यायचा. डुकरांचा तो नवा ताप आपल्या देशात शिरला आहे, अशा सूचनांचा कागद आमच्या भिंतीवर चिकटवलेला होता. त्याच्याखाली बसून मी रोज डबा खायचो. पण मॅडमना शिबिरात कशाला त्रास द्यायचा, आणि वहिनीचा गोठा तर सगळ्यांत स्वच्छ. मी खबर दिली नाही. उलट खड्ड्यापाशी गेलो आणि मिठाच्या दोन गोण्या स्वतःच्या पाठीवरून वाहिल्या.

बाकीच्यांना काही झालं नाही. वहिनीने आजारी डुकरिणीला वेगळं काढण्यात घटकाभरही वेळ घालवला नव्हता, म्हणून ती वाचली. आम्ही दोघं विसरलोसुद्धा.

पाच आठवड्यांनी शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू झालं. वहिनी नात मनालीच्या वाढदिवसाला बेव्हर्ली पार्कात गेली होती, त्या दिवशी जेसीबीवाल्याने बांध उकरताना हिच्या हद्दीतला खड्डाही कोपऱ्यात फोडला. परत येऊन बघते तर कुत्री जमलेली. तिने दगड मारून कुत्री हाकलली आणि खड्ड्यात वाकून पाहिलं. डुकरीण जशीच्या तशी होती. कातडी ओलसर, कानांचा रंगसुद्धा गेला नव्हता. एक मागचा पाय मात्र कुत्र्यांनी ओढून नाल्यापलीकडे नेला होता. वहिनीने आणखी दोन गोण्या मीठ आणून वर ओतलं आणि माती सारली. दुसऱ्या दिवशी तिने मला हे सांगितलं, तेव्हा मी मिठाचं कौतुक केलं. बघ, म्हटलं, काय राखलंय.

नाल्यापलीकडे जितेशची डुकरं होती. पंचविशीतला पोरगा, नोकरी मिळेना म्हणून या धंद्यात पडलेला. वहिनीला काकी म्हणायचा आणि सल्ला विचारायला यायचा, फक्त ऐकायचा मात्र अर्धाच. त्याची डुकरं नाल्याकाठी मोकळी चरायची. बारा दिवसांनी त्याचं पहिलं डुक्कर मेलं. आठवड्यात अकरा. या वेळी कृतिका मॅडम स्वतः गेल्या, नमुने पाठवले, आणि अहवाल आला. तोच ताप होता. त्याला औषध नाही, लस नाही. माणसाला होत नाही, पण डुकरांत शिरला की गोठा पुसून काढतो. सरकारी नियम सरळ होता. जिथे सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतलं प्रत्येक डुक्कर मारायचं, धडधाकट असलं तरी. वहिनीची एकतीस मोठी, शिवाय शेवंता नावाची लेकुरवाळी आणि तिची नऊ पिल्लं त्या किलोमीटरात होती. त्यांतलं एकही आजारी नव्हतं.

मॅडमनी नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र बोलावलं. जितेश होता, वहिनी होती, मी मॅडमच्या मागे पेटी धरून. मागच्या दोन महिन्यांत कुणाचं डुक्कर मेलं होतं का, असं त्यांनी विचारलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं त्या माझ्याकडेच बघून विचारताहेत. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असंच मला वाटत होतं.

वहिनी उठली. डिसेंबरात एक मेली, कान लाल होते, मिठात पुरली, कुत्र्यांनी पाय ओढला, सगळं तिने जसं झालं तसं सांगितलं. जागा बोटाने दाखवली.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं त्यातला शब्दही मी विसरणार नाही, कारण ते मला तीस वर्षांत माहीत असायला हवं होतं. मीठ कुजू देत नाही. मांस टिकतं आणि त्यातला हा विषाणूही टिकतो, महिनोन्महिने. चुना हवा होता, दुप्पट खोल खड्डा हवा होता, आणि पुरण्याआधी नमुना. मग त्यांनी विचारलं, त्या वेळी कुणी तपासायला आलं होतं का?

"कोन न्हाय," वहिनी म्हणाली. "मी कोनाला इचारलं न्हाय. मीच पुरली."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते हे तिला माहीत होतं. आणि मी, लीलाधर, पेटी धरून उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

जितेशने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला की काकी, मी तुमच्यासारखं करायचा प्रयत्न करत होतो. आणि निघून गेला.

त्याच्या गोठ्यातली उरलेली डुकरं आधी मारली. त्या दिवशी मॅडम दुसऱ्या गोठ्यांची पाहणी करत होत्या, आणि काम बाहेरून आणलेल्या पकडणाऱ्या माणसांकडे होतं. पांढरे पोशाख, तोंडं झाकलेली, हातात तारेचे फास. मोकळ्यावर वाढलेली डुकरं, ती काय उभी राहतात? दुपारभर धरपकड चालली. डुकराची किंचाळी ज्याने ऐकली नसेल त्याला ती सांगून कळायची नाही. एक ओरडलं की सगळी ओरडतात. नाल्याच्या अलीकडे वहिनीची डुकरं भिंतीला चिकटून उभी राहिली आणि संध्याकाळी पंगतीला हाक मारली तर निम्मी आली नाहीत. समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली. कशाचा आवाज आहे, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा वहिनी गोठ्यात खाली बसली होती. रडली होती हे दिसत होतं. मारू नका असं ती एकदाही म्हणाली नाही. माझ्यामुळे जितेशची गेली, माझी ठेवा म्हणायला मना तोंड न्हाय, एवढंच म्हणाली. पण एक गोष्ट तिने धरून ठेवली होती आणि ती तिने मॅडमना आल्या आल्या सांगितली.

"माजी घाबरून मरायची न्हाईत, डॉक्टरबाय. मारायची ती मारा. पन फास नको, आन येकाला दुसऱ्याचं दिसायला नको. मी हाक मारून आनते. येकेक."

पथकाचा मुकादम हिंदीत कुरकुरला. अम्मा, ऐसे तो शाम हो जाएगी. तीन तासांचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. मॅडमनी त्याला बाजूला घेतलं आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या की संध्याकाळ झाली तरी चालेल. मग त्यांनी वहिनीला तो पांढरा पोशाख दिला. तिने नकार दिला. तो घातला की माझा वास जाईल, माझी मला ओळखणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. मॅडमनी विचार केला. वहिनी तशीही त्याच गोठ्यात वावरलेली. शेवटी ठरलं की ती स्वतःच्या लुगड्यात राहील, संपल्यावर औषधाच्या पाण्याने अंघोळ करील आणि लुगडं तिथेच जाळायचं.

पंगतीचा आडोसा आम्ही हिरव्या कापडाने उंच केला. मागच्या दारापलीकडे, जिथे पूर्वी अंगण होतं, तिथे जेसीबीने खोल खड्डा खणला होता आणि बाजूला चुन्याच्या गोण्यांची रास. ठरलं ते असं. हाक मारायची, पाटीत गरम खाणं ठेवायचं, तोंड खाली गेलं की मानेत गुंगीची सुई. दहा मिनिटांत गाढ झोप. मग दुसरी सुई. मग मॅडम डोळ्याला बोट लावून बघणार, पापणी हलली नाही तरच पुढे न्यायचं. खायला तिने त्या दिवशी बाजरीची भाकरी गुळात कुस्करून केली होती, पहाटे उठून, एकटीने.

आधी शेवंता. तिला हाक मारायची नव्हती, ती कोठडीत आडवी होती आणि नऊच्या नऊ पिल्लं पीत होती. वहिनी म्हणाली, पिल्लं आधी उचलली तर आई ओरडेल आणि आई आधी नेली तर पिल्लं ओरडतील. म्हणून पीत असतानाच शेवंताला गुंगी दिली. पिल्लं पीत राहिली. आई झोपल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि तिथेच, तिच्या उबेत, मॅडमनी पिल्लांना एकेक करून संपवलं. मी सुया भरून देत होतो. नवव्यानंतर मॅडम बाहेर जाऊन दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मग येऊन त्यांनी शेवंताला दुसरी सुई दिली.

मग वहिनीने पहिली हाक मारली. वकील आला. नेहमीसारखा कान झुलवत आला, पाटीत तोंड घातलं, सुई लागली तेव्हा जरा अंग झटकलं आणि पुन्हा खायला लागला. मग त्याचे पाय लटपटले. वहिनीने त्याला कुशीवर घेतलं, छातीवर हात ठेवला, आणि तो थांबेपर्यंत काढला नाही. मग उठली, हात पुसले, पाटी भरली, दुसरं नाव घेतलं. आत्याबाई कुरकुरत आली. तिला मॅडमचा पोशाख आवडला नाही, मागे सरली. वहिनीने तिच्या कानामागे खाजवलं, चल गं, खाऊन घे, म्हणाली, आणि ती आली. दहा झाली, पंधरा झाली. पलीकडे उरलेली आपल्या पाळीची वाट बघत शांत उभी होती. आत गेलेला परत येत नाही, याची त्यांना वर्षानुवर्षं सवय होती.

चोविसाव्यानंतर गुंगीचं औषध संपलं. हिशेब तीन तासांच्या धरपकडीचा केला होता, प्रत्येकाला पुरती गुंगी द्यायचा नव्हता. मुकादमाने पुन्हा फास पुढे केला. सातच उरलीत, अर्ध्या तासात होतील, असं तो म्हणाला. वहिनी दारात आडवी उभी राहिली. एक हात तिने चौकटीवर रोवला. एवढं सगळं करून शेवटची सात किंचाळत जाणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मॅडमनी दवाखान्यात फोन केला, औषध होतं, पण आणायला माणूस नव्हता. आमच्यातलं कुणी अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय त्या हद्दीबाहेर जाऊ शकत नव्हतं. तेव्हा वहिनीने धर्मेशला फोन लावला. तो ऑफिसातून निघाला, दवाखान्यातून बर्फाचा डबा घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली होती तिथवर आला. नाकाला रुमाल नव्हता. डबा खाली ठेवून तो मागे झाला आणि गोठ्याकडे बघत उभा राहिला. आई त्याच्याकडे बघायला बाहेर आलीच नाही. ती त्या सातांमध्ये बसून एकेकाची पाठ खाजवत होती.

त्या तासाभरात मी मॅडमना सांगितलं. डिसेंबरात मी आलो होतो, मी न्यूमोनिया म्हणालो, खबर दिली नाही, गोण्या मीच वाहिल्या. चौकशी लावतील, निवृत्तिवेतन अडेल, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"काका, लेखी द्यावं लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आता सुया भरा."

मी भरल्या. पुढे लेखी दिलं आणि त्याचं जे व्हायचं ते चाललं आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

पुढारीण शेवटी. ती कळपात असली की बाकीची शांत राहतात म्हणून वहिनीने तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गोठा रिकामा झाला होता. तिला हाक मारावी लागली नाही, ती आपणहून पंगतीच्या दारात येऊन उभी होती. वहिनीने तरीही नाव घेतलं. मला वाटतं, एकाला हाक मारली आणि दुसरीला नाही, असा दुजाभाव तिला नको होता. पुढारणीने भाकरी खाल्ली नाही. वहिनी खाली बसली तेव्हा तिच्या मांडीवर थोबाड टेकून ती आडवी झाली, आणि तशीच गेली.

मॅडमनी डोळ्याला बोट लावलं, मान हलवली. मग वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की मावशी, एकही घाबरलं नाही, मी इतक्या ठिकाणी गेले, असं कुठे पाहिलं नाही. त्या मनापासून म्हणत होत्या. वहिनीने मान हलवली. नंतर ती औषधाच्या पाण्याने अंघोळ करून आली, सुनेने पाठवलेला गाऊन घालून. लुगडं पेटवलं तेव्हा ती तिथे थांबली नाही. खड्ड्यात चुना पडत होता. मीठ टाकू का, असं ती विचारील असं मला वाटलं होतं. तिने विचारलं नाही.

ती तेव्हापासून मुलाकडे राहते. गोठ्याच्या जागेवर महिनाभर औषध फवारलं, मिठाचा जुना खड्डा उकरून जाळला आणि पुन्हा चुन्यात बुजवला. सहा महिन्यांनी त्या भागात डुकरं पाळायला परवानगी मिळाली. जितेशने चार पिल्लं आणली. त्या दिवशी तो बेव्हर्ली पार्कात तिच्या दारात जाऊन उभा राहिला. इतक्या महिन्यांत एक शब्द बोलला नव्हता. घरात आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, काकी, तुमच्यासारखी पंगत करायचीय, दाखवायला चला.

मीही सोबत गेलो. तिने सगळं बघितलं. खरकटं उकळायचा पिंप, आजाऱ्यांची वेगळी कोठडी, कुंपण कुठे वाकलंय ते. चुना कुठे ठेवायचा, डॉक्टरबायना कधी फोन करायचा, एक मेलं तरी करायचा, हे तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पंगतीची दोन दारं कुठे हवीत ते काठीने मातीत आखून दिलं. पिल्लं तिच्या पायांशी घुटमळत होती. तिने पाय मागे घेतले. मग जितेश म्हणाला की तुम्हीच नावं ठेवा, आणि पहिले चार दिवस तुम्हीच हाक मारा, म्हणजे सवय लागेल.



"नावं तू ठेव," वहिनी म्हणाली. "हाक बी तूच मार. माज्या आवाजाची सवय लावू नको त्यांना. त्या दिशी मी हाक मारली आन माजी आली, बाबा. समदी आली."

तिने काठी कुंपणाला टेकून ठेवली आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे चालू लागली.